यार्ल: एका नॉर्डिक पदवीचं मूळ आणि व्याकरण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

व्हायकिंगांवरच्या मालिका आणि संगणकावरचे खेळ यांच्यामुळे 'यार्ल' हा शब्द मराठी घरांत शिरला. तो 'सरदार' किंवा 'जहागीरदार' असाच समजला जातो आणि मग इतिहास वाचताना घोटाळा होतो. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. व्याकरणाला थोडी जास्त जागा दिली आहे, कारण या पदवीचा स्वभाव तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसतो.

यार्ल म्हणजे नेमकं कोण?

राजाच्या खालोखालचा माणूस. पण हा दर्जा जन्माने आपोआप मिळत नसे, राजाने द्यावा लागे. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, एखाद्याला यार्ल करणं याला 'यार्लचं नाव देणं' म्हणत; 'यार्ल्सनाफ्न' असा त्यासाठी समासच होता. घराणं कितीही मोठं असलं तरी राजाने नाव देईपर्यंत माणूस यार्ल नसे. काही घराण्यांत हे नाव पिढ्यान्‌पिढ्या राहिलं, तरीही प्रत्येक नव्या यार्लला राजाची मान्यता मिळवावी लागे, निदान तशी अपेक्षा तरी असे. नंतरच्या काळातल्या 'काउंट' वगैरे पदव्या बापाकडून मुलाकडे जात. यार्ल त्या जातीचा नव्हे.

उच्चार 'जार्ल' की 'यार्ल'?

यार्ल. रोमन लिपीत पहिलं अक्षर 'जे' असलं तरी नॉर्डिक भाषांत त्याचा उच्चार 'य' होतो. शेवटच्या जोडाक्षराची गंमत मात्र मराठी माणसालाच कळेल. स्टॉकहोमकडच्या स्वीडिशमध्ये 'र' आणि 'ल' एकत्र आले की जीभ मागे वळते आणि आपल्या 'ळ'च्या फार जवळचा आवाज निघतो. तिथे हा शब्द जवळजवळ 'याळ' असा ऐकू येतो. इंग्रजी बोलणाऱ्याला हा आवाज शिकवावा लागतो, आपल्याला नाही. दक्षिण स्वीडनच्या स्कोने प्रांतात 'र' घशातून येतो, त्यामुळे तिकडे 'ळ' होत नाही. आइसलँडमध्ये मधेच 'ट' घुसतो: 'यार्टल'. डॅनिशमध्ये 'र' जवळपास विरून जातो.

लिहिताना 'यार्ल' हेच रूप ठेवावं. मूळ भाषेच्या ते सगळ्यात जवळ आहे.

शब्द किती जुना आहे?

नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचे काही रूनी लेख (रून म्हणजे तिथली जुनी अक्षरं) सापडले आहेत. त्यांत एक शब्द वारंवार येतो: 'एरिलाझ'. रचना बहुधा एकच, 'एक एरिलाझ', म्हणजे 'मी एरिलाझ'. (हा 'एक' आकड्यातला नव्हे. तो 'मी' या अर्थाचा जुना शब्द आहे आणि संस्कृत 'अहम्'चा दूरचा भाऊ लागतो.) स्वीडनमधल्या वेर्मलांड प्रांतातल्या येर्सबर्ग शिळेवर एरिलाझने रून कोरल्याचा उल्लेख आहे. डेन्मार्कच्या फ्यून बेटावरच्या क्रागेहूल इथे मिळालेल्या भाल्याच्या दांड्यावरही तो आहे. स्कोनेतल्या लिंडहोल्म इथे सापडलेल्या हाडाच्या ताइतावर एरिलाझ स्वतःला 'धूर्त' म्हणवून घेतो, असं वाचन साधारणपणे मान्य आहे.

म्हणजे तेव्हाचा एरिलाझ हा रून जाणणारा, स्वतःची ओळख ठसक्यात सांगणारा कोणीतरी वजनदार माणूस असावा. प्रांत सांभाळणारा अधिकारी म्हणून तो या लेखांत दिसत नाही. त्या अर्थाचा यार्ल आपल्याला कित्येक शतकांनंतर भेटतो.

पण 'एरिलाझ'चं 'यार्ल' कसं झालं?

इथे भाषाशास्त्रज्ञांचं घोडं अडतं, आणि अडणं रास्त आहे. उत्तरेकडच्या जर्मानिक बोलींत एक ठळक बदल झाला: पुढच्या अक्षरात 'अ' असेल तर आधीचा 'ए' फुटून 'या' होतो. जर्मनमध्ये हृदयाला 'हेर्ट्झ' म्हणतात, आइसलँडिकमध्ये 'ह्यार्ता'. पुढे 'उ' असेल तर 'यॉ' होतो, म्हणून जर्मन 'एर्डे' (पृथ्वी) इकडे 'यॉर्द' होते. या नियमाने 'एर्लाझ'चं 'यार्ल' अगदी सरळ निघतं. 'एरिलाझ'चं निघत नाही, कारण तिथे पुढच्या अक्षरात 'इ' बसला आहे आणि तो ही फूट होऊ देत नाही.

यावरचा रुळलेला तोडगा असा की एकाच शब्दाची दोन रूपं शेजारी शेजारी चालू होती, एक 'इ' असलेलं आणि एक नसलेलं. जुन्या इंग्रजीतलं 'एओर्ल' आणि जुन्या सॅक्सनमधलं 'एर्ल' ही दोन्ही 'इ' नसलेल्या रूपाकडेच बोट दाखवतात, त्यामुळे हा तोडगा मला पटतो. त्याच्याही मागे जाऊन मूळ धातू शोधायचे प्रयत्न झाले आहेत, त्यांपैकी एकही सर्वमान्य नाही.

रोमन इतिहासातल्या 'हेरुली' टोळीशी याचा संबंध आहे का?

नावातलं साम्य डोळ्यांत भरतं, म्हणून हा तर्क जुना आहे: हेरुली योद्धे उत्तरेत परतले, रून सोबत आणल्या आणि त्यांच्या टोळीचं नावच पदवी झालं. कथा म्हणून छान आहे. पुरावा मात्र नावापुरताच आहे, आणि नुसत्या नावावर इतिहास उभा राहत नाही.

पुराणकथांत यार्ल येतो का?

येतो, आणि थेट पूर्वज म्हणून येतो. 'रीगस्थुला' या एड्डा (जुन्या नॉर्स पुराणकाव्यांच्या) परंपरेतल्या काव्यात रीग नावाने फिरणारा देव तीन घरी मुक्काम करतो. काव्याच्या गद्य प्रस्तावनेनुसार हा देव म्हणजे हाइमडाल. पहिल्या घरी थ्रेल (गुलाम) जन्मतो, दुसऱ्या घरी कार्ल (स्वतंत्र शेतकरी) आणि तिसऱ्या श्रीमंत घरी यार्ल. या यार्लचे केस सोनेरी आणि डोळे सापाच्या पिल्लासारखे तीक्ष्ण. रीग पुढे परत येऊन त्याला रून शिकवतो. एरिलाझवाले लेख आठवले की हा तपशील योगायोग वाटत नाही.

त्यानंतर कवीने एक शाब्दिक कोटी केली आहे. यार्लच्या धाकट्या मुलाचं नाव 'कोन्र', तो वयाने तरुण म्हणून 'उंग्र'. दोन्ही जोडले की 'कोनुंग्र', म्हणजे राजा. ही व्युत्पत्ती खोटी आहे, पण तिच्यात राजाच यार्लच्या पोटी जन्मतो! इतिहासात नातं उलटं होतं.

जुन्या नॉर्समध्ये हा शब्द कसा चालतो?

पुल्लिंगी आणि अगदी नियमित. एकवचनात कर्ता 'यार्ल', कर्म 'यार्ल', चतुर्थी 'यार्ली', षष्ठी 'यार्ल्स'. अनेकवचनात कर्ता 'यार्लार', कर्म 'यार्ला', चतुर्थी 'यॉर्लुम', षष्ठी 'यार्ला'.

यातल्या दोन जागी थांबायला हवं. पहिली जागा प्रथमेची. पुल्लिंगी नामाला प्रथमेत बहुधा 'र' लागतो: 'कोनुंग्र' (राजा), 'हेस्त्र' (घोडा). यार्लला तो नाही, कारण 'रल' या जोडीनंतर आणखी एक 'र' नॉर्स जिभेला पेलत नव्हता. 'कार्ल'चंही असंच झालं. दुसरी जागा 'यॉर्लुम'ची. प्रत्ययातल्या 'उ'ने आधीच्या 'आ'ला आपल्याकडे ओढून त्याचा 'ऑ' केला आहे. प्रत्यय लागताना शब्दाच्या आतला स्वर हलतो, याचं मराठी माणसाला नवल वाटू नये. आपणही 'मूल'चं 'मुलाला' करतो आणि 'बहीण'चं 'बहिणीला'.

निश्चयवाचक उपपद इंग्रजीसारखं पुढे येत नाही, शब्दाच्या शेपटीला चिकटतं: 'यार्लिन्न', म्हणजे 'तो (ठरावीक) यार्ल'. आणि शेपूट वेगळी चालते! षष्ठीत 'यार्ल्सिन्स' होतं, म्हणजे यार्लची षष्ठी आणि उपपदाचीही षष्ठी. मात्र सागांमध्ये (आइसलँडच्या जुन्या गद्य कथांमध्ये) पुष्कळदा उपपद नसतंच, नुसतं 'यार्ल म्हणाला' असं येतं. सगळ्यांना ठाऊक असलेला एकच यार्ल समोर असेल तर पदवीच नावासारखी वापरली जाते.

पदवी नावाच्या आधी येते की नंतर?

नंतर. 'हाकोन यार्ल', 'बिर्गेर यार्ल'. आणि वडिलांचं नाव असेल तर पदवी मधे बसते: 'एरिक यार्ल हाकोनारसोन', म्हणजे आधी स्वतःचं नाव, मग पदवी, मग 'हाकोनचा मुलगा'. आपला क्रम वेगळा आहे. 'बाळाजी विश्वनाथ पेशवे' म्हणताना आधी नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी पद. तुलना इथवरच थांबत नाही. पेशवेपदही मुळात छत्रपतींनी द्यायचं पद होतं, पुढे ते एका घराण्यात राहिलं, आणि कारभार पेशव्यांच्या हाती असूनही ते राजे झाले नाहीत. यार्लबद्दल वाचताना 'सरदार'पेक्षा हे चित्र डोळ्यांपुढे ठेवलं तर कमी चुकायला होतं.

विभक्तीच्या बाबतीत फरक पडतो. मराठीत प्रत्यय फक्त शेवटच्या शब्दाला लागतो. जुन्या नॉर्समध्ये नाव आणि पदवी दोघंही चालतात: 'हाकोनार यार्ल्स' (हाकोन यार्लचा), 'हाकोनी यार्ली' (हाकोन यार्लला). आजच्या स्वीडिशने मात्र मराठीसारखीच सोय करून घेतली आहे. स्टॉकहोममधला मोठा रस्ता 'बिर्गेर यार्ल्सगातान' आहे. षष्ठीचा 'स' एकदाच, तोही पदवीला.

पुढच्या काळात स्वीडिश आणि डॅनिशमध्ये पदव्या नावाच्या आधी येऊ लागल्या: 'कुंग' (राजा) अमुक, 'ग्रेवे' (काउंट) तमुक. यार्ल नंतरच राहिला. माझ्या मते याचं कारण साधं आहे. हा बदल पक्का होईपर्यंत नवे यार्ल होणंच थांबलं होतं, आणि जुने यार्ल त्यांच्या जुन्या नावांसकट लोकांच्या तोंडी बसले होते.

आजच्या भाषांतली रूपं कोणती?

स्वीडिश: यार्ल, यार्लेन (तो यार्ल), यार्लार (अनेक), यार्लार्ना (ते यार्ल). डॅनिश: यार्ल, यार्लेन, यार्लर, यार्लर्ने. नॉर्वेजियनच्या दोन लिखित रूपांपैकी बोकमोलमध्ये अनेकवचन यार्लर आणि यार्लेने, नीनोश्कमध्ये यार्लार आणि यार्लाने. विभक्ती गळून पडल्या, फक्त षष्ठीचा 'स' उरला. आइसलँडिकने मात्र सगळा जुना संसार जपला आहे, 'यॉर्लुम'मधल्या स्वरबदलासकट; फक्त त्या स्वराचा उच्चार आता निराळा होतो.

फिनिशमध्येही हा शब्द आहे म्हणतात?

आहे: 'यारली', 'या' चांगला लांबवून. फिनिश ही या कुटुंबातली भाषा नाही. तिला लिंग नाही, उपपद नाही, आणि व्यंजनांत संपणारा शब्द उसना घेताना ती शेवटी 'इ' जोडते. नाव आणि पदवी संयोगचिन्हाने बांधून प्रत्यय शेवटी लावतात: 'बिर्गेर-यारली', षष्ठीत 'बिर्गेर-यारलिन'.

खरी मौज शेजारच्या शब्दात आहे. फिनिशमध्ये राजाला 'कुनिंगास' म्हणतात. त्यातला शेवटचा 'आस' हा प्राचीन जर्मानिक 'कुनिंगाझ'चा प्रथमेचा प्रत्यय आहे, जो खुद्द जर्मानिक भाषांत केव्हाच झिजला किंवा गळून पडला. फिन लोकांनी राजा फार आधी घेतला आणि जसाच्या तसा जपला. यार्ल त्यांनी कितीतरी उशिरा घेतला. त्याच्या अंगावर 'आझ'चा मागमूस नाही.

स्त्रीलिंगी रूप काय?

पदवी म्हणून स्थिरावलेलं स्त्रीलिंगी रूप नाही. यार्लची बायको ही यार्लची बायको, मुलगी ही यार्लची मुलगी, काम षष्ठीवर भागतं. पद होतं ना, मग ज्याला दिलं त्याचं.

नंतर आलेल्या घराणेशाही पदव्यांना मात्र लगेच जोडीदार रूपं मिळाली. 'ग्रेवे'ची स्वीडिशमध्ये 'ग्रेविन्ना', डॅनिशमध्ये 'ग्रेविन्दे'. आइसलँडिक 'ग्रेइवी'ची 'ग्रेइविन्या'. फिनिश 'क्रेइवी'ची 'क्रेइवितार', आणि तेही ज्या भाषेला लिंगच नाही तिच्यात.

इंग्रजीतही हीच पोकळी राहिली. 'अर्ल'ला स्त्रीलिंग नाही, म्हणून त्याच्या बायकोला फ्रेंचकडून घेतलेलं 'काउंटेस' म्हणतात. भारतात 1885 साली स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निघालेला 'काउंटेस ऑफ डफरिन फंड' आठवा. सोलापूरकरांना डफरिन हे नाव नवं नाही. बाई काउंटेस होत्या, कारण नवरा तेव्हा अर्ल होता.

म्हणजे इंग्रजी 'अर्ल' आणि यार्ल एकच?

सख्खे भाऊ, आणि नंतर एकाने दुसऱ्याचे कपडे घातले. जुन्या इंग्रजीत 'एओर्ल' होता, पण त्याचा अर्थ ढोबळ होता: योद्धा, खानदानी पुरुष. प्रांताच्या कारभाऱ्याला 'एआल्डोरमान' म्हणत. डॅनिश राजा क्नूटने इंग्लंड जिंकून 1017 मध्ये त्याचे चार भाग केले. नॉर्थम्ब्रिया होता नॉर्वेहून आलेल्या एरिककडे, तोच वर आलेला एरिक यार्ल हाकोनारसोन. नॉर्वेत यार्ल असलेला माणूस इंग्लंडमध्ये 'एओर्ल' म्हणून कागदोपत्री येऊ लागला आणि 'एआल्डोरमान' हळूहळू मागे पडला. आपल्याकडे लॉर्ड म्हणून ठाऊक असलेले मेयो, एल्गिन, माउंटबॅटन हे दर्जाने अर्लच होते.

मालिकांत प्रत्येक गावाला एक यार्ल दिसतो. तसं होतं का?

नाही. गावपातळीवरचा मोठा माणूस 'हेर्सिर' असे. आइसलँडचा इतिहासकार स्नोर्री स्टुर्लुसोन याने तेराव्या शतकात लिहिलेल्या 'हाइम्सक्रिंग्ला' या नॉर्वेच्या राजांच्या इतिहासानुसार हारल्ड हॉरफाग्रे या राजाने प्रत्येक प्रांतावर एक यार्ल नेमला. वसुलीचा तिसरा हिस्सा यार्लचा, त्याच्या हाताखाली चार किंवा जास्त हेर्सिर, आणि राजाच्या फौजेसाठी त्याने स्वखर्चाने 60 माणसं द्यायची, हेर्सिरने 20. हारल्डनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली ही नेटकी व्यवस्था इतिहासकार जपूनच वापरतात. ती नवव्या शतकापेक्षा स्नोर्रीच्या काळातली कल्पना जास्त सांगते. तरीही या हिशेबाने अख्ख्या प्रांतात यार्ल एकच. पुढे स्वीडनमध्ये तर बाराव्या-तेराव्या शतकात साऱ्या राज्याचा मिळून एक यार्ल असे.

यार्ल राजापेक्षा मोठा होऊ शकत होता का?

ताकदीने होय, नावाने नाही. त्रोंडहाइमजवळच्या लाडे इथल्या यार्लांचं घराणं हे याचं उत्तम उदाहरण. हाकोन सिगुर्दसोनने सुमारे 970 ते 995 नॉर्वेचा मोठा भाग चालवला. वरून डेन्मार्कच्या राजाचं नाममात्र छत्र होतं, तेही त्याने पुढे झुगारलं. त्याच्या दरबारी कवींनी घराण्याची वंशावळ थेट ओदिन देवापर्यंत नेली. तरी तो कायम 'हाकोन यार्ल'च राहिला. शेवट वाईट झाला: स्नोर्रीच्या वर्णनाप्रमाणे डुकरांच्या खुराड्याखालच्या खड्ड्यात लपलेला असताना त्याच्याच गुलामाने, कार्कने, त्याचा गळा चिरला.

ऑर्कनीच्या यार्लांची एवढी चर्चा का होते?

कारण तिथे ही पदवी सगळ्यात जास्त टिकली आणि सगळ्यात जास्त वाटली गेली. स्कॉटलंडच्या उत्तरेची ही बेटं नॉर्वेच्या राजाच्या छत्राखाली होती. भाऊ-भाऊ, चुलतभाऊ यार्लकी अर्धी-अर्धी किंवा तिसऱ्या हिश्श्याने वाटून घेत, आणि मग जे व्हायचं तेच होई. सुमारे 1117 मध्ये एगिल्से बेटावर माग्नुस यार्ल चुलतभावाच्या हुकमाने मारला गेला. पुढे तो संत ठरला. त्याच्या भाच्याने 1137 मध्ये कर्कवॉलच्या सेंट माग्नुस कॅथीड्रलचं काम सुरू केलं. या भाच्याचं मूळ नाव काली. राजाने त्याला यार्लचं नाव दिलं तेव्हा आधीच्या एका नामवंत यार्लवरून त्याचं नावही बदलून रॉग्नवाल्द ठेवलं. 'नाव देणं' हा वाक्प्रचार इथे शब्दशः खरा झाला.

1468 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या क्रिस्तियान पहिल्याने मुलीच्या हुंड्यापोटी ऑर्कनी स्कॉटलंडकडे गहाण ठेवलं, पुढच्या वर्षी शेटलंडही. ते गहाण सुटलंच नाही.

आइसलँडमध्ये यार्ल होते का?

आइसलँडला राजाच नव्हता, मग यार्ल कुठून येणार? तरी एक झाला, आणि दुसरा झाला की नाही यावर अजून वाद आहे.

वादातला यार्ल म्हणजे खुद्द स्नोर्री. तो 1237 ते 1239 नॉर्वेत होता आणि तिथे त्याची जवळीक स्कूले बोर्दसोनशी. हा स्कूले आधी यार्ल होता आणि 1237 मध्ये नॉर्वेचा पहिला ड्यूक झाला. पुढे राजाविरुद्ध उठून 1240 मध्ये मारला गेला. स्कूलेने जाता जाता स्नोर्रीला यार्लचं नाव दिलं, अशी कुजबुज होती. एका समकालीन धर्मगुरूच्या नोंदीत त्याला 'फोल्ग्सनार्यार्ल' म्हटल्याचं सागात आलं आहे. आता व्याकरण पाहा. 'फोल्ग्सनार' ही षष्ठी आहे, पण कशाची? 'लपवणूक' अशा अर्थाच्या नामाची धरली तर 'गुप्त यार्ल'. फोल्ग्स्न नावाच्या नॉर्वेजियन बेटाची धरली तर 'त्या बेटाचा यार्ल'. एका षष्ठीवर एका माणसाचा राजद्रोह लटकला आहे. नॉर्वेचा राजा हाकोन चौथा याला या चर्चेत रस नव्हता. परवानगी न घेता घरी परतलेल्या स्नोर्रीला सप्टेंबर 1241 मध्ये रेक्होल्ट इथे त्याच्याच घराच्या तळघरात मारण्यात आलं.

मारणाऱ्यांचा पुढारी होता गिसुर थोर्वाल्दसोन, स्नोर्रीचा पूर्वीचा जावई. 1258 मध्ये त्याच हाकोन राजाने गिसुरला यार्ल केलं, उघडपणे. 1262 ते 1264 दरम्यान आइसलँडने नॉर्वेचं राज्य मान्य केलं. त्या करारात शर्त घातली होती की यार्ल राजाशी निष्ठेने आणि आमच्याशी शांततेने वागेल तोवर आम्ही त्याला मानू. 1268 मध्ये गिसुर वारला आणि आइसलँडची यार्लकी त्याच्याबरोबर संपली.

बिर्गेर यार्ल एवढा प्रसिद्ध का?

स्वीडनमध्ये 'यार्ल' म्हटलं की तोच. 1248 पासून यार्ल. 1250 मध्ये त्याचा लहानगा मुलगा वाल्देमार राजा निवडला गेला आणि कारभार बापाने पाहिला. स्टॉकहोमचा लेखी उल्लेख प्रथम 1252 मध्ये येतो आणि शहराचा संस्थापक म्हणून मान त्यालाच मिळतो. रिडरहोल्मेन बेटावर 1854 पासून त्याचा पुतळा उभा आहे. 1266 मध्ये तो वारला, थडगं वार्नहेमच्या मठात. त्याच्यानंतर स्वीडनमध्ये यार्ल नाही.

लॅटिन पत्रांत तो स्वतःला 'डुक्स' म्हणवतो, म्हणजे ड्यूक. त्याच काळी ऑर्कनीच्या यार्लसाठी लॅटिनमध्ये 'कोमेस', म्हणजे काउंट. एकाच शब्दाची दोन भाषांतरं, दर्जात मोठी तफावत. 'यार्ल म्हणजे ड्यूक की काउंट' या वादाचं मूळ इथे आहे आणि तो वाद निरर्थक आहे. ती युरोपी उतरंड यार्लला नंतर चिकटवली गेली.

मग पदवी गेली कुठे?

नॉर्वेत हाकोन पाचव्याने 1308 मध्ये फर्मान काढून नवे यार्ल करणं बंद केलं. अपवाद दोनच: राजपुत्र आणि ऑर्कनीचा यार्ल. स्वीडनमध्ये बिर्गेरच्या मुलांपासून 'हेर्तिग' (ड्यूक) आलं, तेही उत्तर जर्मनीकडून. 'ग्रेवे' (काउंट) आणि 'फ्रीहेर्रे' (बॅरन) या जन्मसिद्ध पदव्या स्वीडनने 1561 मध्ये एरिक चौदाव्याच्या राज्याभिषेकाच्या वेळी सुरू केल्या, डेन्मार्कने 1671 मध्ये. यांतला एकही शब्द घरचा नाही, सगळे जर्मनकडून आलेले. नॉर्वेने 1821 मध्ये उमरावशाहीच मोडीत काढली.

'यार्ल्सहोफ' आणि 'यार्ल्सबर्ग' ही ठिकाणं यार्लांची होती ना?

दोन्ही नावं नंतरची आहेत. शेटलंडमधल्या यार्ल्सहोफला अस्सल नॉर्स वस्तीचे अवशेष आहेत, त्याहून कितीतरी जुनेही आहेत, पण नाव मात्र एकोणिसाव्या शतकात कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने बनवलं. नॉर्वेतलं यार्ल्सबर्ग हे एका काउंटच्या जहागिरीला 1684 मध्ये दिलेलं नाव. मालक ग्रेवे, नाव यार्लचं! जुन्या शब्दाची ऐट तेव्हाही विकली जात होती. यार्ल्सबर्ग चीजचं नाव तिथूनच आलं. त्या चीजचा आजचा अवतार 1950च्या दशकातला.

मराठीत लिहिताना 'यार्ल म्हणाला' की 'यार्ल म्हणाले'?

माझा कल 'म्हणाला'कडे. जुन्या नॉर्समध्ये तेराव्या शतकापर्यंत दरबारी आदरार्थी अनेकवचन रुळलं होतं. राजाशी बोलताना 'तू' म्हणू नये, अनेकवचनच वापरावं, असं त्या काळच्या 'राजाचा आरसा' या नॉर्वेजियन ग्रंथात स्पष्ट सांगितलं आहे. पण हा आदर समोरच्याशी बोलतानाचा. त्याच्यामागे, तृतीय पुरुषात, क्रियापद एकवचनीच राहतं. म्हणून निवेदनात 'यार्ल म्हणाला' आणि संवादात 'यार्ल, आपण निघावं' असं लिहिलं तर मूळचा तोल राहतो.

बाकी शब्द 'डॉक्टर'सारखा चालवावा: यार्लला, यार्लचा, यार्लांनी. अनेकवचनही 'यार्ल'च.

आज कोणी यार्ल आहे का?

पदवीधारी नाही. पण पुरुषाचं पहिलं नाव म्हणून तो स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमधल्या स्वीडिश भाषकांत आढळतो. स्वीडिश नट यार्ल कुले (1927–1997) हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. शब्द नावाच्या मागून थेट पुढे आला, आता त्याला राजाच्या परवानगीची गरज पडत नाही.